भोंग्याने बदललेली वाट

मी एक जुना भोंगा आहे, मित्रांनो. पत्र्याचा, धोतऱ्याच्या फुलासारख्या तोंडाचा. कोहमाऱ्याजवळच्या एका गावात, ग्रामपंचायतीच्या अडगळीच्या खोलीत रिकाम्या पोत्यांवर मी पडून असतो. दुपारी छपराच्या कवेलूंच्या, म्हणजे कौलांच्या, फटीतून ऊन येते, माझ्या पोटात गोळा होते, आणि मी अर्धवट झोपेत जुने आवाज ऐकत राहतो.

१९९९ साली ग्रामपंचायतीचा शिपाई उदाराम मला एसटीच्या टपावर बांधून गोंदियाहून घेऊन आला. मी छपरावर बसलो. लसीकरण, ग्रामसभा, हरवलेली गाय, सगळे माझ्यातूनच गावाला कळे. दिवाळीनंतर मंडईची जत्रा भरे, तेव्हा दंडारीच्या नाचाची गाणी मी धानाच्या दूरच्या बांध्यांपर्यंत पोचवली. "भोंगा लय गोड वाजते," असे लोक म्हणत आणि मला फार बरे वाटे.

मग २००६ च्या डिसेंबरातली ती सकाळ आली. गावाच्या उत्तरेला हायवे आहे. तिथल्या वळणावर एक टँकर उलटला. त्यातून पांढरे काहीतरी निघाले आणि जमिनीलगत हळूहळू पसरू लागले, जणू तळ्यावरचे धुके वाट चुकून शिवारात आले. इतके सुंदर दिसत होते ते, की गावातला बकाराम आणि आणखी दोघे पाहायला निघाले.

तेवढ्यात टँकरचा ड्रायव्हर डोळे चोळत ग्रामपंचायतीत धावत आला. "अमोनिया है. उधर मत जाओ," एवढेच तो बोलू शकला.

उदारामने माईक ओढला. "पळा, तळ्याकडं पळा," तो ओरडला, आणि मी ते सगळीकडे पोचवले. तळे गावाच्या दक्षिणेला. लोक तिकडे धावत सुटले. त्यांत उदारामची बायको सुलोचनाबाई होती, आणि तिच्यासोबत धान कापणाऱ्या अकरा बाया.

उपकेंद्राच्या नर्स शामकलाबाई धापा टाकत आत आल्या. खिडकीतून खळ्याकडे बोट दाखवत म्हणाल्या, "उदाराम, ते भूस कुठं उडते पाह्य. वारा तळ्याकडंच जाऊन राहिला. धूर त्यायच्या मागं लागन."

उदारामचा चेहरा उतरला. सुलोचना तिकडेच होती. क्षणभर मला वाटले, हा माईक टाकून तिच्यामागे धावेल. पण त्याने माईक दोन्ही हातांनी धरला.

"ऐका. मी उदाराम बोलून राहिलो. मी चुकीचं सांगतलं. तळ्याकडं जाऊ नोका. वाऱ्याच्या वाटेतून आडवे निघा, उगवतीच्या टेकडीकडं जा. पदर, दुपट्टा ओला करून नाकावर धरा. जे घरात असन त्यायनं दारं-खिडक्या लावा, फटीत ओलं फडकं कोंबा. टँकर पाहायले कोनी जाऊ नोका."

तो हेच सांगत राहिला. खोकला आला तरी थांबला नाही. शामकलाबाईंनी खिडकी लावली, ओला टॉवेल त्याच्या नाकावर बांधला. छपरावर मात्र तो तिखट वास माझ्या तोंडात भरत होता.

दुपारी गोंदियाहून अग्निशामक गाडी आली. पाण्याच्या फवाऱ्यांनी धूर खाली बसला. टेकडीवरून सगळ्या बाया परतल्या. डोळे लाल झालेले, पण चालत आल्या. टँकर पाहायला सगळ्यांत पुढे गेलेल्या बकारामला मात्र दवाखान्यात न्यावे लागले. तो वाचला, पण आजही चार पावले चालला की दम लागतो.

संध्याकाळी उदारामने बायकोला विचारले, "मी आधी पळा म्हनलं, मंग नोका म्हनलं. तू काऊन थांबली?"

ती म्हणाली, "एवढ्या वर्षांत तू 'चुकलो' म्हनून कधी बोलला नाही. तवा वाटलं, हे खरंच असन."

मित्रांनो, आता तुमच्या खिशात मोबाईल आहेत, माझी गरज उरली नाही. तरी एवढे ऐका. असा धूर दिसला, तर त्याला पाहायला जाऊ नका. आधी वारा पाहा. आणि तुमच्या तोंडून चुकीची वाट सांगितली गेली, तर लाजू नका. लोक तिथे पोचायच्या आत 'चुकलो' म्हणून मोठ्याने सांगा.