हिरव्या दोऱ्याचं शेवटचं प्रकरण

“काका, सध्या काय वाचताय?”

प्रश्न भोंग्याने विचारला, पण पैज मैत्रिणींची होती. भोंगा हे तिचं वर्गातलं आणि घरातलंही नाव. ती कुजबुजली तरी शेवटच्या बाकापर्यंत ऐकू जायचं. शाळेसमोरच्या थांब्यावर दुपारची बस उभी राहिली, की तिचा ड्रायव्हर स्टिअरिंगला पुस्तक टेकवून वाचत बसे. चेहरा असा, की सुटे पैसे मागायचीही कुणाची छाती होऊ नये. त्या बसकडे भोंगा रोज टक लावून बघते, हे मैत्रिणींनी हेरलं होतं. पुस्तकावर एवढा डोळा आहे तर विचार जाऊन, नाहीतर आजपासून तुझं नाव भित्री भागूबाई, असं ‘वकील’ म्हणाली. ही मैत्रीण बाईंशीसुद्धा हुज्जत घालायची, म्हणून वकील.

भोंग्याचा डोळा पुस्तकावर नव्हताच, बसवर होता. याच बसने ताई शेजारच्या शहरात गेली होती. कॉलेज अर्ध्यावर सोडून ती छापखान्यात कामाला लागली आणि बाबांनी अबोला धरला. बाबा शिंपी. घरच्याच पुढच्या खोलीत त्यांचं मशीन. ताई गेल्यावर ते एवढंच म्हणाले होते, की जाताना माझं हिरवं रीळ घेऊन गेली. ताईचा फोन आईला यायचा, तोही मशीनच्या खडखडाटात. जेवलीस का, तब्येत सांभाळ, ठेवते. त्यात पुस्तकाचं नाव कुठून निघणार?

पूर्वी दोघींचं वाचन एकत्र चाले. भोंग्याला धीर म्हणून नाही. पुस्तक हातात पडलं की आधी शेवट बघायची. म्हणून ताई शेवटचं प्रकरण दोऱ्याने बांधून टाकी, वर दुहेरी गाठ. बाकीचं दोघींचं वाचून झालं, की जिन्यात बसून गाठ सोडायची आणि ताईने मोठ्याने वाचायचं. ताई गेली तेव्हा एक पुस्तक बांधलेलंच राहिलं. घड्याळं दुरुस्त करणाऱ्या बाईची गोष्ट. भोंगा ते दप्तरात घेऊन हिंडायची आणि दिसेल तिला ‘वाचच’ म्हणून गळ घालायची. वकील कुठून तरी मिळवून वाचून आली आणि शेवट सांगू लागली, तर हिने कानात बोटं घालून मैदानाला फेरी मारली.

ड्रायव्हरकाकांनी चष्म्यावरून पाहिलं. आता ओरडा बसणार, म्हणून मैत्रिणी दोन पावलं मागे सरल्या. पण काकांनी पुस्तक मिटून मुखपृष्ठ दाखवलं. दीपगृहाच्या राखणदाराची गोष्ट होती. जरा संथ आहे, पण माणूस गोड आहे, त्याला सोडून उठवत नाही, असं त्यांनी सांगितलं आणि विचारलं, “आणि तू?”

भोंगा भडाभडा घड्याळवाल्या बाईबद्दल सांगू लागली आणि मधेच तिची नजर अडकली. काकांच्या पुस्तकाची शेवटची पानं हिरव्या दोऱ्याने बांधलेली होती. वर दुहेरी गाठ.

काकांना वाटलं, पोरीला दोऱ्याचं नवल वाटतंय. मग त्यांनी आपणहून सांगितलं. पलीकडच्या टोकाला छापखान्यातली एक मुलगी चढते. ती काकांना शेवट बांधलेलं पुस्तक देते, काका तिला आपलं देतात. अट एकच, ऐकायला कुणी असल्याशिवाय गाठ सोडायची नाही. त्यामुळे काका घरी जाऊन बायकोला शेवट वाचून दाखवतात. ती इस्त्री करता करता ऐकते आणि लेखकाच्या चुका काढते.

“तिच्याकडे मात्र नुसती चळत लागलीय म्हणे, बांधलेल्या पुस्तकांची,” काका हसत म्हणाले. “एकटीने सोडवत नाही म्हणते. घरी एक भोंगा आहे, तो ऐकायला लागतो. मी म्हटलं, बाई गं, भोंगा कधी ऐकतो का?”

 भोंग्याने दप्तरातून आपलं बांधलेलं पुस्तक काढलं. तीच गाठ बघून काका काय ते समजले; द्यायचंय का हे तिला, पोचवतो, असं म्हणत त्यांनी हात पुढे केला. तिने पुस्तक त्यांच्या हातावर ठेवलं. आणि लगेच परत उचलून छातीशी धरलं.

“नको काका. हे मीच नेईन.”

संध्याकाळी बाबा मशीनवर होते, आई शर्टांना काजं करत होती. भोंग्याने पुस्तक मशीनच्या फळीवर ठेवलं. बाबांची नजर दोऱ्यावर गेली. पायडल थांबलं. त्या खोलीत एवढी शांतता तिने कधी ऐकली नव्हती, त्यामुळे तिला ओरडावंही लागलं नाही.

“रविवारच्या पहिल्या बसने मी ताईकडे चाललेय. आमचं शेवटचं प्रकरण राहिलंय. विचारत नाहीये, सांगतेय. आणि बाबा, तिचं रीळ संपत आलं असेल. नवीन हिरवं काढून ठेवा.”