दाराकडे पाठ

रुख्मिणीने चुंबळ डोक्यावर नीट बसवली, टोपली गुडघ्याशी टेकवली आणि एका झटक्यात वर घेतली. घेतल्याबरोबर तिची मान चमकली. टोपली जड झाली होती. चांगुणावहिनीच्या घरातून निघालेली टोपली, आणि जड!

"खाला," ती चार पावलं गेल्यावर कुजबुजली, "वहिनीनं आज टाकलं बरं."

सोबत चालणाऱ्या म्हाताऱ्या सुगराबीची काठी थांबली. "रस्त्यानं बोलायचं नाही म्हनून किती डाव सांगितलं तुले?"

"बोलून नाही राह्यली. नुसतं सांगून राह्यली."

"ते बी नको सांगू. चाल, बेटी."

रुख्मिणी चालली, पण तिच्या पायांत आनंद मावत नव्हता. चांगुणावहिनीचा नवरा आषाढापासून खाटेवर होता, पोरगं अंगावर पिणारं. तिच्या दारातून टोपली दर गुरुवारी हटकून हलकी होऊन निघायची. आज जड झाली म्हणजे तिथे काहीतरी बरं घडलं असणार. माहेरचं कोणी येऊन गेलं असेल. भाऊ असेल. भावाने पोतंभर ज्वारी टाकली असेल. दोन घरांच्या अंतरात रुख्मिणीने चांगुणावहिनीला भाऊ दिला, बैलगाडी दिली आणि पोत्यावर एक गुळाची ढेपही ठेवून दिली.

ही गुरुवारची टोपली गावातल्या चौतीस घरांतून फिरे. वर सुगराबीने शिवलेलं हिरवं फडकं, आत ज्वारी, नाहीतर रेशनवरची परदेशी लाल ज्वारी, मिलो, जे असेल ते. दारात पोचलं की टोपली उंबऱ्याच्या आत ठेवायची, दार लोटून घ्यायचं आणि दाराकडे पाठ करून उभं राहायचं. ज्या घरी असेल तिने टाकावं, नसेल तिने काढावं. टाकलं की काढलं, ते ती बाई जाणे आणि तिची चूल जाणे.

ही रीत सोजराबाईची आणि सुगराबीची. मागे एका वाईट साली सोजराबाईच्या धाकट्या जावेच्या घरातले दाणे संपले. कोणाला कळू नये म्हणून ती रोज दोन्ही वेळा चूल पेटवायची, काटक्या जाळून कौलांवर धूर काढायची. शेजारी म्हणायचे, जेवणं चालली आहेत. पाचव्या दिवशी ती त्या चुलीपुढेच पडली, ती उठली नाही. सोजराबाई तेव्हा भिंतीपलीकडे भाकरी थापत होती. त्या दिवसापासून तिने आणि सुगराबीने गावात एकच ठरवून टाकलं, की कोणाला मागायला लावायचं नाही. फेरी झाल्यावर उरलेलं धान्य सुगराबीच्या लेकाच्या, अब्दुल गनीच्या, दुकानामागच्या कणगीत पडे. धाड गावच्या बाजारात चार पैसे सुटले की गनी आपलं एक पोतं त्यात रिकामं करी. मागच्या पोळ्याला सोजराबाई गेली आणि टोपलीला डोकं हवं म्हणून सातवीतली रुख्मिणी आली.

डोकं आलं, त्याखालची मानही आली. आणि ती मान म्हणजे सोनाराचा काटा! पहिल्या महिन्यातच रुख्मिणीला उमगलं, की कोणत्या दारातून टोपली कशी निघाली ते आपल्याला न बघता कळतं. अर्धा शेर इकडे की तिकडे, मान बरोबर सांगायची. हे गुपित तिने सात महिने सांभाळलं होतं. सात महिने म्हणजे थोडे का झाले? तिच्यासारख्या पोरीला सात दिवस भारी.

ते फुटलं मागच्या रविवारी. शाळेला सुट्टी, म्हणून ती आईबरोबर दुष्काळी कामावर खडी फोडायला गेली होती. दुपारी बाया बाभळीखाली टेकल्या. रेशनची गाडी तीन आठवडे आली नव्हती. शिदोऱ्या सोडायचं कोणी नावच घेत नव्हतं. दयाराम मुकादम पोरांचं वजन हाताने उचलून सांगत बायांना हसवत होता.

"तुमाले काय येते हो, दयारामभाऊ! मी डोक्यावर घेऊन सांगतो, दोन घमेल्यांत कोनतं जड," रुख्मिणी म्हणाली.

मग काय! घमेली भरली गेली, वर पदर झाकले गेले. तिने तिन्ही वेळा बरोबर सांगितलं. तिसऱ्या वेळी तर फरक फक्त चार दगडांचा होता. बायांनी टाळ्या पिटल्या. कोणीतरी म्हणालं, "बापा बापा, पोरगी हाय का वखारीतला काटा!" आणि त्या टाळ्यांच्या भरात, हनुवटी वर करून, रुख्मिणी बोलून गेली:

"गावातल्या कोनत्या घरी टोपली हलकी होते, तेही माहीत हाय मले! सांगनार नाही. पन माहीत हाय."

बाया हसल्या. आई हसली नाही. चांगुणावहिनी तेवढ्यात पोराला पाजायला पलीकडे तोंड करून बसली. रुख्मिणीला वाटलं होतं, 'सांगणार नाही' म्हणाले म्हणजे झालं.

पुढच्या दारातून टोपली आणखी जड होऊन आली. त्याच्या पुढच्या दारातूनही. कोष्ट्याच्या घरी, जिथे मिलो आला तरी तो दोन दिवसांत संपायचा, तिथेही. मेहबूब पिंजाऱ्याकडे, जिथे खाणारी तोंडं नऊ आणि कमावणारं एक, तिथेही. नवव्या घरापर्यंत रुख्मिणीने गावात भाऊ वाटून संपवले. एवढे भाऊ एका आठवड्यात येत नसतात.

दहाव्या दारी तिने पाठ केली तेव्हा कोणालाच भाऊ दिला नाही.

तिचं स्वतःचं घर अठरावं. तिथे टोपली कधी जड व्हायची, कधी हलकी. आपल्या घराची मोजदाद कोण करतं? तिने कधी केली नव्हती. आज आईने टोपली आत घेतली, दार लोटलं, आणि बराच वेळ काही आवाज आला नाही. मग दार उघडलं. आईने नजर न देता टोपली तिच्या डोक्यावर चढवून दिली. जड.

"आई..."

"जाय. अजून सोळा घरं हायेत."

फेरी संपवून चावडीपाशी येईपर्यंत मान भरून आली होती. पारावर अर्जुनराव सरपंच धोतर आवरून संध्याकाळच्या एस.टी.ची वाट पाहत बसले होते. काखेत फायलीची पिशवी. टोपली पाहून ते उठले आणि वरून दाबून पाहावं तसा हात त्यांनी फडक्यावर ठेवला.

"वा वा, सुगराबी! चार पायल्या घेऊन निघाली होती ना? हे तं साडेपाच भरते. मागच्या टायमाले दीड घेऊन वापस आली होती. गावात बरकत आली म्हनायची!"

"अल्लाची मेहेरबानी," सुगराबी एवढंच म्हणाली.

"मी बुलढान्याले चाललोच हाय. उद्या सकाळीच साहेबाले सांगून टाकतो, आमच्यापेक्षा पलीकडच्या गावाची नड मोठी हाय. गाडी पयले तिकडे जाऊ द्या. आमचं भागून राह्यलं." ते खुशीत होते. मनाने वाईट माणूस नव्हता तो. "काऊन व पोरी, तोंड काऊन उतरलं? मान दुखते का?"

"हाव," रुख्मिणी म्हणाली.

दुकानामागच्या खोलीत गनीने कणगीचं झाकण काढलं. टोपली तिरपी केली की ज्वारीचा एक आवाज येतो, ओढणी सरकावी तसा. आज ओढणी सरकता सरकता मध्येच खडखडली. गनीचा हात थांबला.

सुगराबीने टोपली आपल्याकडे ओढली, सूप मागून घेतलं आणि उरलेलं त्यात थोडं थोडं घेऊन पाखडू लागली. तीन पाखडणीत सुपाच्या काठाशी दाणे पुढे आणि खडी मागे झाली. बारीक, निळसर, धारदार खडी. दुष्काळी कामावरची. सडकेची. कोणी ती धुऊन टाकली होती, धूळ नको दिसायला म्हणून. कोणी दाण्याएवढेच खडे वेचून टाकले होते. निवडायला बसलं असेल कोणी, ज्वारी निवडतात तसं, फक्त उलटं.

मग सुगराबीने मान वर न करता विचारलं, "तू काही बोलली होती का बेटी, कोनाजवळ?"

रुख्मिणीने सांगितलं. बाभूळ, घमेली, टाळ्या, सगळं. सांगताना तिला रडू येईल असं वाटलं होतं, पण आलं नाही.

"म्या नाव नाही घेतलं कोनाचं, खाला. एक बी नाव नाही घेतलं."

"नाव कायले पाहिजे?" सुगराबी म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच वाईट होतं. "पाठ फिरवायची म्हनजे नुसती पाठ नाही फिरवत आपन."

गनी सरपंचांना गाठायला चपला न घालता एस.टी.च्या थांब्याकडे धावला. थोड्या वेळाने अंगावर धूळ घेऊन परत आला. "गेली," तो म्हणाला. सुगराबी पाखडतच राहिली. सुपामागे खड्यांचा ढीग वाढत होता. त्यातले कोणते अठराव्या घरचे, ते मानेला सांगता येत नव्हतं.

दिवेलागणीला अजून वेळ होता. रुख्मिणीने निवडलेल्या ज्वारीतून दोन पायल्या टोपलीत घेतल्या, वर हिरवं फडकं टाकलं आणि ती एकटीच निघाली. सुगराबीने तिला अडवलं नाही.

चांगुणावहिनीच्या कौलांतून धूर निघत होता. चांगला दाट. रुख्मिणी त्या धुराकडे पाहत अंगणात उभीच राहिली. आत पोरगं किरकिरत होतं, थकलेल्या, चिरक्या आवाजात. दार किलकिलं झालं.

"काय व रुखमे? मघाशी तं येऊन गेली."

"वहिनी, थोडी ज्वारी आनली होती. खालानं..."

"आमाले कायले?" चांगुणा हसली. ओठ फुटलेले होते, हसल्यावर ताणले गेले. "आमच्या घरी हाय. म्या तं आज टाकलं ना टोपलीत. तुले तं कळतेच म्हनते." दाराच्या फळीवरची तिची बोटं पांढरी पडली होती. "किती होतं व, म्या टाकलेलं?"

रुख्मिणीच्या जिभेवर सगळं आलं. खडी आली, सूप आलं, माफी आली. तिने ते गिळलं.

"चार ओंजळी," ती म्हणाली. "चांगल्या भरून."

"हाव ना?" चांगुणेने श्वास सोडला. दारावरची बोटं सैल झाली. "मंग ने हे, ज्याले नाही त्याच्या घरी ने."

"मी ठेवतो. तुमी पाहा," रुख्मिणी म्हणाली. तिने टोपली उंबऱ्याच्या आत ठेवली, दार ओढून घेतलं आणि पाठ केली.

ती उभी राहिली. समोर पडीक वावर, वावराच्या कडेला वाळलेली बोर. तिने मनातल्या मनात पाढे म्हटले, तेवीसचा, मग सत्तावीसचा. मागे पोरगं रडायचं थांबलं, पुन्हा लागलं. एकदा फडकं सरकल्यासारखं वाटलं. तिने डोळे घट्ट मिटून घेतले आणि बराच वेळ तशीच राहिली, कोणाला हवा असेल तेवढा वेळ.

दार करकरलं. टोपली उंबऱ्याबाहेर आली. दार लागलं.

रुख्मिणीने चुंबळ डोक्यावर बसवली. या वेळी झटका दिला नाही. दोन्ही हातांनी टोपली सावकाश वर नेली आणि टेकवण्याआधी अधांतरी धरून ठेवली, हातांना पेलवेनाशी होईपर्यंत. मग ती मानेवर आलीच.

आणि मानेने सांगितलं. एक दाणा हललेला नव्हता.