गाबोळीने शिकवलेलं अंडं

मित्रांनो, माझ्या पोटात दिवा लागतो, पण जाळ कधीच नसतो. आतलं काचेचं ताट गरगर फिरतं, घुर्रर्र आवाज होतो, शेवटी तीनदा टिंग वाजतं आणि गार ठेवलेलं अन्न वाफाळत बाहेर येतं. हे कसं होतं, ते मला विचाराल तर खरं सांगतो, मलाही नीटसं ठाऊक नाही. मी एक जुना मायक्रोवेव्ह आहे. माझी काच धुरकट झाली आहे आणि दाराची मूठ चिकटपट्टीवर तग धरून आहे. चौकसपणा मात्र अजून शाबूत आहे. माझ्या आत कोणी काही ठेवलं, की ते कुठून आलं, कोणासाठी आलं, हे कळल्याशिवाय मला चैन पडत नाही.

माझा जन्म कुठल्याशा मोठ्या कारखान्यात झाला. तिथे माझ्या पुढेमागे अगदी माझ्यासारखेच शेकडो भाऊ रांगेत उभे होते. त्यात आपण नेमके कोणते, हेच कळत नसे. मला ओळख मिळाली ती हातखंब्याला. महामार्गाच्या कडेला मोरू नावाच्या गृहस्थाची वड्यांची टपरी होती. सकाळी तळलेले वडे दुपारी माझ्या पोटातून फिरून बाहेर पडायचे आणि गिऱ्हाईक म्हणायचं, “वा, आताच काढलेत वाटतं!” मोरू गालातल्या गालात हसायचा. मीही हसायचो, पण माझं हसू घुर्रर्र आवाजात कोणाला ऐकू जाणार? पुढे रस्ता रुंद झाला आणि टपरी उठली. मोरूने मला जुन्या चादरीत गुंडाळलं आणि रत्नागिरीला, मिरकरवाड्याच्या बंदराजवळ राहणाऱ्या आपल्या बहिणीकडे आणून ठेवलं.

बहिणीचं नाव गुणवंती. ती मासळी विकते. नवरा बोटीवर खलाशी, एकदा समुद्रात गेला की दहा-बारा दिवस घरी नाही. घरात ती आणि सातवीतली मुलगी सलोनी, अशा दोघीच. गुणवंतीने माझ्याभोवती एक फेरी मारली, दार उघडून आत डोकावली आणि भावाला म्हणाली, “जाळ दिसत नाय, मग शिजतं कसं रे यात?”

मोरूला काही सांगता येईना. मला त्याची कीव आली, कारण मलाही सांगता आलं नसतं.

झालं! गुणवंतीने मला कपाट करून टाकलं. आपल्याकडे पावसाळ्यात मिठालाही पाणी सुटतं, हे तुम्हाला ठाऊक आहेच. माझं दार घट्ट बसतं, म्हणून माझ्या पोटात पापड आले, आगपेट्या आल्या, मिठाची बरणी आली. दोन वर्षं मी वायर गुंडाळून पापड सांभाळत बसलो. ज्याच्या पोटातून महामार्गावरचे वडे फिरून गेले, त्याने पापडांची राखण करावी! मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू?

यंदा गणपती गेले, शाळा पुन्हा सुरू झाली आणि एका सकाळी शाळेत प्रार्थनेच्या वेळी सलोनी चक्कर येऊन पडली. बाईंनी विचारलं, तेव्हा कळलं की ती रोज उपाशीच शाळेत येते. गुणवंतीला पहाटे पाचच्या आत बंदरावर लिलावाला जावं लागतं. उशीर झाला की चांगली मासळी दुसऱ्या बायका उचलतात. ती निघताना मुलगी झोपलेली असायची. डब्यात रात्रीची भाकरी असायची, पण गार भाकरी सलोनीच्या घशाखाली उतरत नसे. घरी एकटी असताना गॅस पेटवायला तर आईची सक्त मनाई होती.

त्या संध्याकाळी गुणवंती भिंतीला टेकून बसली आणि म्हणाली, “विमला आत्याशी बोललंय मी. येत्या रविवारी ती येतेय. तू केळशीला जा, तिथल्या शाळेत शिक. दोन वेळचं गरम तरी पोटात जाईल.”

सलोनी रडली नाही. तिने फक्त विचारलं, “आणि तू?”

“माझं काय? मी राहीन.”

सलोनीला आत्या आवडत असे, केळशीच्या आमराईत खेळायलाही आवडत असे. पण बाबा समुद्रात आणि आई एकटी, हे तिला मुळीच पटेना. ती जाऊन थेट माझ्यासमोर उभी राहिली. तिने दार उघडलं, पापड काढले, आगपेट्या काढल्या, मीठ काढलं आणि वायर भिंतीत खुपसली. दोन वर्षांनी माझ्या पोटात दिवा लागला. मित्रांनो, तो आनंद काय सांगू!

“आये, यात जाळ नाय. यात मी केलं तर?”

गुणवंतीने माझ्या पोटातल्या दिव्याकडे निरखून पाहिलं. मग म्हणाली, “रविवारपर्यंत शीक. रविवारी पहाटे मी माझ्या डोळ्यांनी बघीन. नीट जमलं तर राहा. नाय तर आत्याबरोबर जायचं, मग कुरकुर नको.”

दुसऱ्या दिवशी मोरूमामाने सहा अंडी आणून दिली. वडे गरम करण्यापलीकडे त्यालाही काही येत नव्हतं. सलोनीने विज्ञानाच्या वहीचं शेवटचं पान काढलं आणि आमचा अभ्यास सुरू झाला. पहिलं अंडं तिने कवचासकट ठेवलं, उकडतात तसं. मला अंड्याबद्दल फार कुतूहल होतं. दार नाही, खिडकी नाही, आत आहे तरी काय? मिनिटभरात कळलं. असा धडाका झाला, की माझं दार फटकन उघडलं आणि बलक थेट माझ्या दिव्यावर जाऊन बसला. सलोनीने वहीत लिहिलं, ‘कवच नको.’

दुसरं अंडं तिने चिनी मातीच्या कपात फोडलं, वर चिमूटभर मीठ आणि हळद टाकली. पांढरं छान फुगलं, पण पिवळा बलक फाट्‌कन उडाला. तिसऱ्याला सेकंद कमी केले, तरी तेच. चौथ्याच्या वेळी कपावर बशी झाकली, तर बशीच उडून पडली. दर वेळी ती ओलं फडकं घेऊन माझं पोट पुसायची आणि पुसता पुसता मला विचारायची, “का रे उडतं? पांढरं गप्प बसतं, मग पिवळ्यालाच काय होतं?” प्रश्न मलाही पडला होता. आम्ही दोघं एकमेकांकडे बघत बसायचो.

शनिवारी संध्याकाळी दोनच अंडी उरली. सलोनीची कपड्यांची पिशवी दाराशी भरून ठेवलेली होती. गुणवंतीने त्या दिवशी सुरमईची गाबोळी आणली होती. गाबोळी म्हणजे माशाच्या पोटातल्या अंड्यांची लांबट पिशवी. ती तव्यावर टाकण्याआधी गुणवंती तिला सुईने ठिकठिकाणी टोचत होती. जन्मभर करत आलेलं काम, तिचं लक्षही नव्हतं. पण सलोनीचं होतं.

“आये, टोचतेस कशाला गो?”

“नाय टोचली तर फाटते नि तोंडावर उडते. वरून कातडं असतं ना? आतली वाफ जाणार कुठून?”

सलोनी तोंड उघडं ठेवून आईकडे बघत राहिली. मग माझ्याकडे वळली. बलकावरही तसंच बारीक कातडं असतं! कोळणींच्या घरात जे आजी-पणजीपासून सगळ्यांना ठाऊक होतं, ते आम्हाला चार अंडी उडवून कळलं. त्या रात्री ती काही करून बघू शकली नाही. अंडी दोनच होती आणि ती सकाळसाठी हवी होती.

रविवारी साडेचारला माझ्यासमोर दोघी उभ्या राहिल्या. गुणवंतीने कंबरेला पदर खोचला होता, टोपली दाराशी तयार होती. सलोनीने कपात अंडं फोडलं, चमचाभर पाणी, मीठ, हळद घातली. मग धुतलेल्या सुईने बलकाला तीन-चार ठिकाणी टोचलं, वर बशी ठेवली आणि माझं बटण दाबलं. मित्रांनो, एवढी भीती मला कारखान्यातून निघतानाही वाटली नव्हती. मी जमेल तितका हळुवार फिरलो. चाळीस सेकंद झाले. पन्नास झाले. टिंग, टिंग, टिंग.

काही उडालं नाही. सलोनीने मिनिटभर तसंच थांबून मग दार उघडलं. कपात अंडं शहाण्यासारखं बसलं होतं, पिवळं मधोमध. तिने वर मिरपूड घातली, चमचा ठेवला आणि कप आईच्या पुढे धरला.

“मी कशाला? तू खा. परीक्षा तुझी हाय.”

“तू पण रोज उपाशीच जातेस ना? मला चक्कर येते, मग तुला येत नाय?”

गुणवंतीने कप हातात घेतला. चमच्याने बलक उगाच हलवत ती म्हणाली, “येते कधीकधी. मग टोपलीवर टेकते घटकाभर.”

“मला कधी सांगितलं नाय.”

“कुणी विचारलंच नाय गो.”

मग सलोनीने दुसरं अंडं फोडलं. दोघी माझ्यासमोर जमिनीवर बसून खात होत्या आणि लिलावाची वेळ टळत होती. खाऊन झाल्यावर गुणवंतीने केळशीला फोन लावला. “वन्सं, निघू नका. पोरगी येत नाय. तिला पाठवली तर मला कोण बघणार?”

आता रोज पहाटे माझ्या पोटात एकामागून एक दोन कप फिरतात. पापड डब्यात गेले. बाबा समुद्रावरून आले की कप तीन होतात. अंड्याची चव कशी असते, ते मला अजून कळलेलं नाही. बहुधा चांगलीच असणार, कारण कप नेहमी चाटून-पुसून रिकामे होतात.

मित्रांनो, मी म्हातारा झालो आहे. तुमच्या घरी माझा कोणी भाऊबंद असेल, तर त्याला ओल्या फडक्याने पुसत जा, त्याच्या पोटात स्टीलची वाटी ठेवू नका आणि बलक टोचायला विसरू नका. पण त्याच्याही आधी एक करा. तुमच्या हातात गरम कप देणारं जे कोणी असेल, त्यांनी स्वतः काही खाल्लं का, ते विचारा. आमच्या घरात हे विचारायला चार अंडी उडावी लागली.