धर

"कोणाला शिंकायचं असेल तर आत्ताच बाहेर जा!" चिमट्यावरची नजर न हलवता मावशींनी फर्मावलं.

प्रयोगशाळेत कोणाची टाप होती? पोलादाच्या त्या कारखान्यात सगळंच अगडबंब, मावशींचं काम मात्र फुंकरीनं उडून जाईल असं. पोलादाचा तुकडा घासून घासून त्याचा आरसा करायचा, त्यावर आम्ल फिरवायचं, कार्बनचा पातळ पापुद्रा चढवायचा आणि तो सोडवून पाण्यावर तरंगवायचा. मग मसुराएवढ्या तांब्याच्या जाळीवर अलगद झेलायचा. पोलाद मागे राहतं, त्यातले बारीक कण तेवढे पापुद्र्याला चिकटून येतात. सकाळपासून पापुद्रे फाटतच होते. हात पूर्वीसारखे राहिले नव्हते, आणि त्याचा राग मावशी सगळ्यांवर काढत होत्या.

"आला गं बाई एकदाचा!"

मॅडम, म्हणजे तिथल्या नव्या इंजिनीअर, जाळी घेऊन मोठ्या सूक्ष्मदर्शकाकडे निघाल्या. एरवी मावशींचं काम इथं संपायचं. आज त्या मागोमाग गेल्या.

"मला दाखवाल का? इतकी वर्षं केलं, पाहिलं कधीच नाही. आणि आमच्या यांना दाखवायचंय."

हे म्हणजे मिस्त्री, मावशींचे यजमान. याच कारखान्यात भट्टीवर होते. पोलादाचा रंग पाहून आच ओळखायचे आणि ओरडायचे, "धर!" म्हणजे आहे तिथंच धर, आता तसूभर वाढवू नकोस. ती आरोळी तोंडात इतकी बसली की घरातही तेच. ताट धर, पिशवी धर, पोर धर. "मी काय भट्टी आहे?" म्हणून मावशी करवादायच्या. गेल्या वर्षी मिस्त्रींना अर्धांगाचा झटका आला आणि वाचाच गेली. एखादा शब्द परत येईलही, असं डॉक्टर म्हणाले होते. त्या एका शब्दासाठी मावशी रोज त्यांच्याशी बोलबोल बोलायच्या, आणि मिस्त्री भिंतीकडे बघत बसायचे.

पडद्यावर राखाडी चित्र उमटलं. त्यावर काळे ठिपके. मावशींच्या काळजात धस्स झालं.

"अगं आई गं! घाण राहिली माझ्या हातून!"

मॅडम हसल्या. "घाण कसली, मावशी? हेच ते कण. टायटॅनियम चिमूटभर घालतो ना आपण, त्याचे. केसाच्या जाडीत असे हजारो ओळीनं मावतील."

"एवढेसे? आणि करतात काय?"

"ही रेघ बघा. पोलाद म्हणजे एकमेकांना चिकटलेले दाणेच दाणे, आणि ही दोन दाण्यांमधली हद्द. पोलाद तापलं की मोठा दाणा शेजारच्याला गिळून आणखी मोठा व्हायला बघतो. सगळेच दाणे मोठे झाले की पोलाद ठिसूळ. म्हणून हद्द सरकायला लागली की हे कण तिला अडवतात."

मावशी पुढे वाकल्या. ठिपक्यांच्या मधे रेघ फुगली होती, ठिपक्यापाशी मात्र अडकली होती. वाऱ्यानं फुगलेली चादर चिमट्यांनी दोरीवर धरून ठेवावी, तशी. त्यांच्या अंगावर सर्रकन काटा आला. केवढाले ते पूल, केवढाली जहाजं, आणि सगळा भार कोणाच्या जिवावर, तर या डोळ्यांना न दिसणाऱ्या चिमुरड्यांच्या!

"आणि जास्त तापलं तर?"

"बारीक कण विरघळतात, मोठ्यांना जाऊन मिळतात. थोडेच उरतात, मग पकड सुटते."

"म्हणून ओरडायचे होय हे," मावशी म्हणाल्या आणि त्यांना एकदम रडूच आलं. मिस्त्रींनी ज्यांना जन्मभर जपलं, त्यांचं तोंडही कधी पाहिलं नव्हतं.

 मॅडमनी चित्र छापून त्यांच्या हातात दिलं.

घरी मिस्त्री खुर्चीत बसले होते. मावशींनी चित्र त्यांच्या मांडीवर ठेवलं. "अहो, बघा तरी. तुमची माणसं आहेत ही. आच वाढली की पळून जायची म्हणे. तुम्ही जाऊ दिलं नाहीत." आणि मॅडमचं सगळं बोलणं त्यांनी आपल्या भाषेत सांगितलं.

मिस्त्रींच्या धडधाकट हाताचं बोट रेघेवरून हळूहळू फिरलं. एका ठिपक्यापाशी थांबलं. ओठ हलले.

"हं? काय म्हणालात?"

 मावशी वाट बघून बघून उठल्या. "राहू दे. चहा टाकते."

"ध... धर."

मावशी गर्रकन वळल्या. मिस्त्रींनी चित्र पुढे केलं होतं. ते भट्टीला सांगत होते, त्या कणांना सांगत होते, की नुसता कागद परत देत होते, देव जाणे. मावशींनी कागदाचं एक टोक धरलं. दुसरं मिस्त्रींनी सोडलं नाही.