साराचे डोके झालेली पिवळी बादली

मी एक जुनी पिवळी बादली आहे. कचरा जाळण्याच्या भट्टीसमोर पडले आहे, म्हणून मित्रांनो, थोडक्यात सांगते.

माझा जन्म खनिज तेलाचा. रॉटरडॅमच्या कारखान्यात तेलाचे प्लास्टिक झाले आणि प्लास्टिकची मी. फरशी पुसायला हेगच्या एका सरकारी कचेरीत आले. देशातले इंधन जळून किती कर्ब हवेत गेला, याची मोजणी तिथे होई. जे तेल जाळायचे नसते, ज्याचे प्लास्टिक, रंग, वंगण होते, त्यातला ऐंशी टक्के कर्ब वस्तूंतच राहतो, असे धरलेले होते. कोणी धरले, कुणालाच ठाऊक नव्हते. दरवर्षी तोच आकडा उतरवत.

कचेरीतल्या फेन्ना विर्समाने चार वर्षे कारखान्यांना पत्रे लिहून तो तपासला. किती तेल कारखान्यातच जळते, रंग वाळताना किती उडून जाते, किती प्लास्टिक कचऱ्यात जाळतात. वस्तूंत उरत होता निम्म्याहून कमी कर्ब. हा आकडा अहवालात जावा, एवढेच तिला हवे होते.

आपल्या पन्नासाव्या वाढदिवशी तिने तिथल्या रीतीप्रमाणे स्वतःच केक आणला. त्या देशात पन्नाशीच्या बाईची थट्टा करायला 'सारा' नावाची म्हातारी बाहुली बसवतात. त्या वेळी साराचे डोके मी होते. केक खाता खाता सगळ्यांनी फेन्नाचा आकडा ऐकला.

"तुझ्या हिशोबाने ही प्लास्टिकची सारा पण धुमसतेय का गं?" तिचे साहेब डेक्किंगा म्हणाले. "जरा हुंगून बघ."

थट्टा सोसली तर ऐकतील, असे वाटून ती बिचारी खरेच वाकली. सगळे पोट धरून हसले. अहवालात ऐंशीच गेले आणि फेन्ना 'बादलीबाई' झाली.

सात वर्षांनी परदेशी तपासनीस आले. ऐंशी आले कुठून, असे त्यांनी विचारताच साहेबांनी फेन्नाचेच कागद पुढे केले. तपासनीस खूश झाले; यापुढे हाच आकडा धरा, म्हणाले.

"ही मोजणी कोणी केली?"

साहेबांनी कॉफी ओतणाऱ्या फेन्नाकडे पाहिले.

"साहेबांनी," ती म्हणाली. "मी नुसतं टाइप केलं."

त्या दिवशी तिला कोणी हसले नाही. संध्याकाळी तिने मला कचऱ्यात टाकले, वळूनही पाहिले नाही. मला फार लागले.

मित्रांनो, वस्तू जपून वापरा, हे तुम्हाला सगळेच सांगतील. माझे मागणे वेगळे आहे. आता माझा धूर मोजला जाईल, पण मोजायला कोणी शिकवले, ते कुठेही लिहिलेले नाही. तुम्ही लिहून ठेवा: फेन्ना विर्समा.