सोपा मोड

फोन वाजत होता आणि शिवयोगी बिराजदारांना तो उचलता येत नव्हता.

कालपर्यंत हिरवं बटण खाली, मधोमध असायचं. बोट ठेवून वर ढकललं की सोमेशचा आवाज यायचा, "अप्पा, नाश्ता झाला का?" आज मधोमध काहीच नव्हतं. एक लांबट पट्टी होती, तिच्या दोन टोकांना बारीक अक्षरांत काहीतरी लिहिलेलं होतं आणि चष्मा टीव्हीपाशी राहिला होता. सवयीनं त्यांनी बोट वर ढकललं. काही झालं नाही. डावीकडे ओढलं, तर फोन कट झाला. पुन्हा वाजला, पुन्हा तेच झालं. तिसऱ्यांदा घाईघाईत कोपऱ्यातल्या कुठल्याशा चिन्हावर बोट टेकलं. फोन गप्प झाला, आणि नंतर वाजलाच नाही.

सोमेश, त्यांचा मुलगा, पुण्याला होता. दर रविवारी सकाळी त्याचा फोन यायचा. आठवडाभरात बाळीवेशीतल्या त्यांच्या दोन खोल्यांमध्ये दुसऱ्या कुणाचा आवाज घुमायचा तो तेवढाच. शिवयोगी शनिवारपासूनच काय काय सांगायचं ते मनाशी जुळवून ठेवत. या वेळी सांगायला चांगला ऐवज होता. मागच्या भिंतीची ओल, डोळ्यांच्या डॉक्टरनं दिलेली तारीख, शेजारच्यांच्या मांजरीला झालेली पिल्लं.

आपणच फोन लावावा म्हणून त्यांनी चष्मा शोधून आणला. पण फोनचं चित्र जिथं होतं तिथं आता शोधायची रिकामी पट्टी आली होती. सगळी चित्रं एकाच फिक्या रंगाची आणि शर्टाच्या बटणाएवढी झाली होती. बोट लागलं तिथं कॅमेरा उघडला आणि त्यांना स्वतःचाच चेहरा दिसला, खालून, दाढीच्या पांढऱ्या खुंटांसकट. दिवसभर ते मधूनमधून फोन हातात घेत राहिले आणि खाली ठेवत राहिले. संध्याकाळी दार लावताना त्यांच्या ध्यानात आलं, की आज आपण एकही शब्द बोललो नाही.

एके काळी हाच माणूस दिवसभर बोलत असे. एस.टी. स्टँडवरच्या कंट्रोल केबिनमध्ये त्यांची नोकरी झाली. माइक तोंडाशी धरून, "टेंभुर्णीमार्गे जाणारी गाडी फलाटाला लागत आहे," असं त्यांनी किती वेळा म्हटलं असेल, त्याला हिशोब नाही. त्यांच्या आवाजावर माणसं धावत, गाठोडी उचलत, पोरांना ओढत. पण माइकमधून काही परत येत नाही. बोलायचं आणि बटण सोडायचं. घरी आल्यावरही गप्पांचा भाग बायकोकडे, शिवबाईकडे होता. कुणाचं बाळंतपण, कुणाची साठीशांत, कोण रुसलं आणि कोण हसलं, सगळं तिच्या फोनवर यायचं आणि जेवताना त्यांच्या कानावर पडायचं. आपली एवढी माणसं आहेत असं त्यांना वाटायचं. चार वर्षांपूर्वी ती गेली आणि फोन येणं थांबलं. कुणाचा राग नव्हता, भांडण नव्हतं. ते फोन मुळात तिचे होते.

सोमवारी ते नव्या पेठेत मोबाईलच्या दुकानात गेले. काउंटरवर अंकिता नावाची मुलगी होती, मोहोळहून रोज येऊन-जाऊन करणारी.

"फोन बिघडलाय," शिवयोगी म्हणाले.

"काका, हळू बोला की. ऐकू येतंय मला," ती हसली. तिनं फोन हातात घेऊन दोनदा बोट फिरवलं. "बिघडला न्हाय हो. अपडेट आलंय. परवापास्नं हेच चाललंय, सगळे येऊन मलाच बोलायलेत."

"मला न विचारता आलं?"

"इचारतंय की. तुमी कुटंतरी ओके दाबलं असणार."

"मग जुनं परत आण."

"जुनं न्हाय येत परत. पण जुन्यासारखं दिसंल असं करून देते. बसा."

तिनं स्टूल पुढे सरकवलं. अक्षरं मोठी केली, मग आणखी मोठी. "आता वाचता येतंय?" "व्हय." अक्षरं ठळक केली. मागचा फिका रंग काढून काळा टाकला. वाचता वाचता पडदा विझायचा, तो जास्त वेळ जळत राहील असं केलं. फोन सरकवून उचलायचा होता, तो नुसता दाबून उचलता येईल अशी सोय शोधून काढली. एक काम झालं की ती फोन त्यांच्यासमोर धरायची. शिवयोगी मान हलवायचे. शर्टाचं माप देताना उभं राहावं तसे ते ताठ बसले होते.

"रविवारी मुलाचा फोन उचलता आला नाही," ते म्हणाले. "तीनदा केला त्यानं."

अंकितानं जरा खाली-वर करून पाहिलं. "उचलला न्हाय, पर मेसेज पाठवलाय की तुमी. 'आत्ता बोलू शकत नाही' म्हणून."

"मी?"

"चुकून बोट लागलं असंल. त्यांनी उत्तर पण दिलंय बघा. 'ओके अप्पा. पुढच्या रविवारी बोलू.'"

शिवयोगींनी तो मेसेज स्वतः वाचला. अक्षरं आता चांगली मोठी होती.

"मी तर मोकळाच असतो," ते म्हणाले, आणि या वेळी त्यांचा आवाज खरंच हळू होता.

अंकितानं सोमेशचा नंबर काढला. "लावून बघू या की आत्ताच. चालतंय का न्हाय ते पण कळंल."

सोमेशनं लगेच उचलला. "अप्पा? बरं आहे ना सगळं?"

"बरं आहे. ते कालचं, मी नव्हतं पाठवलं. फोन..."

"हां हां, असू दे. अप्पा, मीटिंगमध्ये आहे. काही तातडीचं नाही ना? रविवारी करतो."

"कर कर."

"आवाज नीट येतोय ना काका?" अंकितानं विचारलं.

"येतोय की. चांगला येतोय."

मग तिनं शेवटचं काम काढलं. "सोपा मोड टाकते. ह्यात बघा, पयल्याच पानावर आठ गोल येतात. आपल्या माणसांचं फोटो टाकायचं. फोटोवर बोट ठिवलं की फोन लागला. शोधाशोधच न्हाय."

पडद्यावर आठ रिकामे गोल आले. प्रत्येकात बेरजेची खूण होती.

"पयला सोमेशदादा. दुसरं?"

शिवयोगी विचार करू लागले. "बिरप्पा घाल. आमच्या केबिनमधला." मग आठवून म्हणाले, "नको. गेला तो. मागच्या संक्रांतीला."

"मग?"

"दूधवाला. गॅसवाला."

"त्यांना कशाला हो काका? आपली माणसं सांगा. थांबा, मीच वाचते." ती नावं वाचू लागली. सोमेशनं शिवबाईच्या फोनमधली सगळी नावं या फोनमध्ये भरली होती, तिनं लिहिलेली, तशीच. 'चुलत जाऊ.' 'लोणच्याच्या वैनी.' 'मठातली.' शिवयोगी प्रत्येक नावाला नकार देत होते. यांतल्या निम्म्यांचे चेहरेही त्यांना आठवत नव्हते. "आणि ह्यो एक नुसता 'हे' म्हणून हाय. ह्यो कोण?"

"तो माझाच नंबर," शिवयोगी म्हणाले.

अंकितानं मान वर केली नाही. पुढचं नाव वाचलं. "वन्सं, अक्कलकोट."

ते चमकले. "ती माझी बहीण. निंगव्वा. अक्का."

"मग ही तर पायजेच की!" तिनं दुसऱ्या गोलात ते नाव बसवलं. फोटो नव्हता, म्हणून नुसतंच 'व' अक्षर आलं. उरलेले सहा गोल तसेच राहिले.

"हे मोकळे काढून टाकता येत नाहीत?"

"न्हाय हो. तेवढं राहतंय. पुढं कोण भेटलं तर टाकू," ती म्हणाली, आणि म्हटल्यावर तिलाच ते कसंसं वाटलं. तिनं काच पुसून फोन त्यांच्या हातात दिला.

दिवेलागणीला शिवयोगींनी ताट वाढून घेतलं. कोपऱ्यावरच्या बाईकडून आणलेली ज्वारीची भाकरी, शेंगांची चटणी, दही. फोन समोर होता. त्या 'व' अक्षराकडे ते बराच वेळ बघत बसले. अक्का त्यांच्याहून सहा वर्षांनी मोठी होती. तिच्याशी बोलायचं काय? शिवबाई असताना ती रोज बोलायची, म्हणजे दोघी रोज बोलायच्या, आणि हे पलीकडे पेपर वाचायचे. त्यांनी बोट ठेवलं.

"यारू?" पलीकडून कानडीत, कोण म्हणून, खणखणीत आवाज आला.

"अक्का, मी. शिवयोगी."

पलीकडे भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला. मग कानडीतली धाकट्या भावाची हाक आली, "तम्मा? काय झालं? कोण गेलं?"

"कुणी नाही गेलं. सहज केला."

"सहज?" तिला ते पटायला वेळ लागला. "शिवबाई गेल्यापासून हितं तुमच्याकडचा फोन न्हाय. मला वाटलं नंबर बदलला असंल."

"फोन बिघडला होता."

"चार वर्सं?"

शिवयोगींनी दह्याची वाटी जवळ ओढली. अक्काच म्हणाली, "जाऊ दे. जेवलास?"

"बसलोय जेवायला."

"काय हाय?"

त्यांनी सांगितलं. भाकरी कुणाकडून आणतात तेही सांगितलं. भिंतीची ओल सांगितली. मांजरीची पिल्लं सांगितली. किती आहेत ते तिनं विचारलं आणि रंगही विचारले. सून-मुलगा शेतावर राहायला गेलेत, गावातल्या घरात मी एकटीच असते, असं तिनं सांगितलं. गुडघ्याचं सांगितलं. मग दोघांचंही बोलणं संपलं. शिवयोगींचं बोट फोन ठेवायला पुढे झालं.

"ठेवू नगं," अक्का म्हणाली. "मला जोंधळं पाखडायचं हायेत. तू जेव. चालू राहू दे तसाच."

"बरं."

त्यांनी फोन ताटाशेजारी पाटावर ठेवला. पलीकडून सुपाचा आवाज येऊ लागला, एका लयीत. मध्येच थांबायचा, अक्का खोकायची, मग पुन्हा सुरू व्हायचा. शिवयोगींनी भाकरीचा तुकडा मोडला आणि आवाज होणार नाही अशा बेतानं चावू लागले.