शिवणीतली वाळू

बाईंनी टेबलावर पांढरा कागद पसरला, कोपऱ्यांवर वजनं ठेवली आणि पहिलं पुस्तक उलटं धरून त्याच्या पाठीवर बोटाने टकटक केलं. कागदावर काहीच पडलं नाही. मग त्यांनी पुस्तक अर्धवट उघडून पानांच्या मधल्या शिवणीतून कोरडा कुंचला फिरवला आणि पुन्हा टकटक केलं. कापसासारखी थोडी धूळ पडली. ती भिंगातून पाहून त्यांनी पुस्तक डावीकडे सरकवलं.

"काय निघालं?" भावजयीने दारातून विचारलं. तिच्या हातात पाण्याच्या कॅनची झाकणं होती.

"आपल्या ऑफिसचीच धूळ."

"म्हणजे ताऱ्यांचं पुस्तक कोणी उघडलंच नाही?"

"तिथे तारे वर दिसतात. पुस्तकात कशाला बघतील?"

भावजय हसली, पण बाई हसल्या नाहीत. त्यांनी पुढचं पुस्तक उचललं होतं.

भावाचं ऑफिस म्हणजे रस्त्याला लागून एक खोली आणि मागे सामानाची ही दुसरी. इथून जीप निघायची, प्रवाशांना वाळवंटात फिरवून आणायची. बाई कॉलेजात भूशास्त्र शिकवून निवृत्त झाल्या, तेव्हा भावाने त्यांना एक काम दिलं होतं: जाण्याआधी प्रवाशांनी काय वाचावं ते सांगायचं. बाईंनी मन लावून पुस्तकं निवडली, त्यांची नावं छापून प्रत्येकाला पाठवली. प्रवासी यायचे, टोपी कुठली घ्यावी ते विचारायचे, पुस्तकाचं नाव कोणी काढायचं नाही. तेव्हा बाईंनी तीच पुस्तकं एका पेटीत भरून जीपमधून पाठवायला सुरुवात केली. घरी नाही तर तिथे तरी वाचतील.

आता पेटीच्या जागी पाण्याची मोठी टाकी बसली होती. पाण्याशी वाद घालता येत नाही. पुढच्या खणात औषधं आणि नकाशा ठेवून एका पुस्तकापुरती जागा उरत होती, आणि जीप आज दुपारी निघणार होती.

त्या पेटीत एक पुस्तक बाईंचं स्वतःचं होतं. वाळूच्या टेकड्या कशा बनतात, कशा सरकतात, यावर त्यांनी ऐन उमेदीची वर्षं घालवून लिहिलेलं. वाळवंटात जायला एकच पुस्तक उरणार असेल तर ते हेच असावं असं त्यांना वाटत होतं. तसं त्या बोलल्या नव्हत्या, पण घरात सगळ्यांना ते माहीत होतं.

"तुझंच ठेवू ना, ताई," भाऊ कालच म्हणाला होता. "विषय संपला."

विषय असा संपलेला बाईंना आवडत नसे. जे पुस्तक खरंच तिथे वाचलं गेलं तेच जाईल, असं त्यांनी ठरवलं. हिवाळाभर पुस्तकं वाळवंटात फिरून आली होती. बघायला फक्त कुंचला आणि भिंग हवं होतं.

"वाळू काय, कुठेही शिरते," भावाने पुढच्या खोलीतून ओरडून सांगितलं. "माझ्या चहात असते."

"बंद पुस्तकाच्या कडेवर बसते. शिवणीत जायला ते उघडावं लागतं."

"आणि ती तिथलीच कशावरून? आपल्या रस्त्यावरची असेल."

"रस्त्यावरच्या कणाला कोपरे असतात. तिथला कण वाऱ्याने घासून गोल झालेला असतो, दुधी काचेसारखा. ये, दाखवते."

"नको," भाऊ म्हणाला. "तू सांगतेस तर गोल असेल."

जुन्या प्रवासवर्णनातून चांगली चिमूटभर वाळू पडली, पण पहिल्या अर्ध्या भागातूनच. बाईंनी वाळू जिथे थांबली ते पान काढून वाचलं.

"इथे उंट मरायला लागतात," त्या म्हणाल्या. "पुढे कोणी गेलेलं नाही."

"मीही नसते गेले, वन्सं. दुसऱ्या दिवशी आपल्याला त्याच वाटेने जायचं, आणि असलं वाचायचं?" भावजय आता झाकणं ठेवून खुर्चीवर बसली होती. तिला यात रस वाटू लागला होता. "त्या जाडजूड कादंबरीचं बघा ना."

कादंबरीच्या फक्त शेवटच्या पानांत वाळू होती.

"चोर," भावजय म्हणाली.

खाली दोनच पुस्तकं उरली. वरचं होतं पाककृतींचं. ते बाईंनी निवडलेलं नव्हतं. भावजयीने हिवाळ्याच्या सुरुवातीला गुपचूप पेटीत सारलं होतं आणि विचारल्यावर म्हणाली होती की, जागा होती म्हणून टाकलं. बाईंनी ते नुसतं उचललं तोच कागदावर वाळू सांडली. शिवणीतून कुंचला फिरवावा लागलाच नाही. पान उलटावं तशी वाळू येत होती, सूपांतून, पावांतून, मुरंब्यांतून. केकच्या पानांवर तर कोणीतरी मुद्दाम पेरल्यासारखी होती. बाईंनी भिंग लावलं. कण गोल होते, दुधी होते, शंकेला जागाच नव्हती.

भावजय छताकडे बघत राहिली. ओठ तिने घट्ट मिटले होते.

"हस," बाई म्हणाल्या. "गाल फुटतील."

त्याच वेळी जीपचा ड्रायव्हर हात पुसत आत आला. वाळूत तो टायरची हवा कमी करून इतक्या सावकाश गाडी हाकायचा की सगळे त्याला कासव म्हणायचे. त्यालाही आता तेच नाव जवळचं वाटत होतं.

"कासवराव, हे पुस्तक तिथे कोण वाचतं हो?" भावजयीने विचारलं.

"सगळेच," कासव म्हणाला. "डब्यातलं थंड जेवण झालं की एकजण मोठ्याने वाचतो, बाकीचे ऐकतात. 'मंद आचेवर लोणी वितळवा' म्हटलं की कोणी हूं का चूं करत नाही. एकदा दोघं नवराबायको सबंध दिवस बोलत नव्हते. भरलेल्या वांग्यांपाशी बोलायला लागले."

"पाककृतीवरून?"

"ती म्हणाली, तुला हे येतं. तो म्हणाला, तुला आवडतं म्हणून शिकलो." कासवने खांदे उडवले. "बाई, दुपारी निघायचं तर पुस्तक लवकर द्या. खण लावून टाकतो."

बाईंनी मान हलवली आणि शेवटचं पुस्तक समोर घेतलं. आपलं. त्यांनी आधी हात पुसले, कागद झटकून पुन्हा अंथरला. दुसऱ्या पुस्तकांसाठी त्यांनी कागद झटकला नव्हता, हे भावजयीच्या लक्षात आलं. भाऊही आता दारात येऊन उभा राहिला होता.

टकटक केल्यावर काही पडलं नाही. पहिलं प्रकरण स्वच्छ होतं. दुसरं स्वच्छ होतं. बाईंनी कुंचला सावकाश, प्रत्येक शिवणीच्या टोकापर्यंत नेला. आलेखांची पानं इतकी कोरी करकरीत होती की काही एकमेकांना चिकटलेली होती. बाईंनी ती नखाने सोडवली. भाऊ घसा साफ करू लागला.

"ताई, प्रवासात माणसं..."

"थांब."

पुस्तक त्यांच्या हातात आपोआप एका जागी उघडलं. तिथे पाठीचा कणा मोडला होता. शिवणीत वाळू भरून राहिली होती, आणि कुंचला लागताच तिची बारीक रेघ कागदावर उतरली. पानाच्या कडेवर अंगठ्यांचे तेलकट डाग होते. मागचं पान स्वच्छ होतं. पुढचंही.

बाईंना ते पान ओळखायला जरा वेळ लागला. पुस्तक छापताना एक आलेख ऐनवेळी गळला होता आणि तिथे पान रिकामं राहत होतं. छापखान्याचा माणूस समोर बसून वाट बघत होता, म्हणून त्यांनी तिथल्या तिथे चार ओळी खरडून दिल्या होत्या. पुढे त्या ओळी त्यांनी स्वतःही कधी वाचल्या नव्हत्या. आता त्या वाचू लागल्या.

सूर्य बुडाल्यावर टेकडीच्या आडोशाच्या उतारावर बसावं. बूट, मोजे काढावेत. पाय वाळूत खुपसावेत. वरचा थर गार लागेल. घोटे बुडाले की ऊब लागेल. ती दुपारची आहे. घाई करू नये.

'ऊब लागेल'च्या समोर कोणीतरी पेन्सिलीने लिहिलं होतं: लागली. त्याखाली निळ्या शाईत, वेगळ्या अक्षरात: मलाही. आणि त्याखाली, अगदी कडेला, बारीक: मला नाही लागली. पण बसून राहिलो.

पुस्तकात लिहिणाऱ्या मुलांना बाईंनी आयुष्यभर वर्गाबाहेर उभं केलं होतं. त्यांनी चष्मा काढला, पदराने पुसला, पुन्हा लावला आणि तिन्ही अक्षरं भिंगाखाली धरली. भिंगाची काही गरज नव्हती.

भाऊ मागून वाकून वाचत होता. "ताई! एवढी वाळू दुसऱ्या कुठल्याच पानावर नाही. झालं, हेच पुस्तक जाणार."

"एका पानावर कोणी पास होत नाही," बाई म्हणाल्या. "मी कधी कोणाला केलं नाही. पाककृती जाणार."

"अहो वन्सं, असू दे की. माझं काय, मी थट्टा म्हणून टाकलं होतं."

"थट्टा म्हणून टाकलंस तरी वाचलं गेलंय ते."

त्यांचा आवाज रागाचा नव्हता. भाऊ पुटपुटत फोन घ्यायला गेला. बाईंनी पाककृतींचं पुस्तक झटकलं, मिटलं आणि टेबलाच्या कडेला ठेवलं. बाकीची पुस्तकं कपाटात लावली. आपलं मात्र त्यांनी हातातच ठेवलं होतं. थोडा वेळ त्या खिडकीपाशी उभ्या राहिल्या. बाहेर कासव नव्या टाकीचे पट्टे ओढून बघत होता.

"ब्लेड आहे का गं?" त्यांनी विचारलं.

"कशाला?"

"आण तर. आणि डिंक."

भावजयीने ड्रॉवरमधून दोन्ही आणून दिलं. बाईंनी मोडलेल्या जागी पुस्तक सपाट उघडलं, पट्टी लावली आणि शिवणीलगत ब्लेड एकदाच, न थांबता, वरपासून खालपर्यंत ओढलं. पान सुटून हातात आलं.

"अहो! झेरॉक्स काढली असती ना!"

"झेरॉक्सवर कोणी लिहीत नाही."

"पण तुमचं पुस्तक..."

"माझ्या पलंगाखाली गठ्ठे आहेत त्याचे. तूच दर वेळी खोली आवरताना विचारतेस, यांचं काय करायचं म्हणून."

भावजयीला हसू आलं. तिने खुर्ची पुढे ओढली, डिंकाच्या बाटलीचं सुकलेलं तोंड टाचणीने मोकळं केलं. बाईंनी पान पालथं करून पाहिलं. मागच्या बाजूला वाऱ्याच्या वेगाचा तक्ता होता.

"हा फुकटात फिरून येणार," त्या म्हणाल्या.

"कुठे लावायचं? सुरुवातीला?"

"सुरुवातीला त्यांना भूक लागलेली असते."

दोघींनी मिळून पुस्तक चाळलं. गोडाचे पदार्थ संपत होते आणि मागची सूची सुरू होत होती, तिथे भावजयीने बोट ठेवलं. बाईंनी पान आत ठेवून पाहिलं. खाली आणि बाजूला नीट बसत होतं, पण वरून बोटभर बाहेर येत होतं. त्या बाहेर आलेल्या भागात, पानाच्या एका बाजूला पुस्तकाचं नाव छापलेलं होतं आणि दुसऱ्या बाजूला बाईंचं.

बाहेर जीपचा हॉर्न वाजला. प्रवासी आले होते. कोणीतरी टोपीबद्दल विचारत होतं.

बाईंनी पट्टी आडवी धरली आणि ब्लेड फिरवलं. कागदाची अरुंद चिंधी टेबलावर पडली.

"वन्सं," भावजय हळूच म्हणाली, "नाव गेलं."

"बाहेर राहिलं असतं तर दुमडलं असतं," बाई म्हणाल्या, आणि डिंक सुकावा म्हणून पानाच्या कडेवर फुंकर घालू लागल्या.